पान कधी तयार होतं?

वाचकाने दुव्यावर बोट टेकवलं आणि पान उघडलं. बाहेरून एवढंच दिसतं. आत मात्र दोनपैकी एक गोष्ट घडलेली असते. एक तर पान आधीच तयार होऊन सर्व्हरवर पडून होतं आणि ते नुसतं उचलून दिलं गेलं. किंवा पान नव्हतंच. बोट टेकल्यावर ते जुळवायला घेतलं, डेटाबेसमधून मजकूर काढला, साच्यात ओतला आणि मग वाचकाकडे धाडला. पहिली रीत स्टॅटिक साइटची. दुसरी वर्डप्रेस, ड्रुपल अशा कंटेंट मॅनेजमेंट सिस्टिमची, म्हणजे सीएमएसची. वेग, सुरक्षा, खर्च, सोय अशा नावांनी या दोन रीतींवर जे वाद होतात, ते बहुतेक एकाच प्रश्नापाशी येऊन थांबतात: पान तयार करण्याचं काम प्रसिद्ध करताना एकदाच करायचं, की वाचक येईल तेव्हा दर वेळी?

हा प्रश्न हवेत सोडवता येत नाही, म्हणून एक ठरावीक साइट घेऊ. आपल्याकडे १९०९ साली ‘मनोरंजन’ने पहिला दिवाळी अंक काढला आणि ती परंपरा आता वेबवरही आली आहे. समजा, एका छोट्या संपादक मंडळाचा ऑनलाइन दिवाळी अंक आहे. वर्षाला चाळीस-पन्नास लेख. पहिल्या आठवड्यात शुद्धलेखनाच्या दहा-वीस दुरुस्त्या, एखाद्या लेखकाचं नाव सुधारणं, एखादं चित्र बदलणं. त्यानंतर तो मजकूर कोणी हलवत नाही, पण वाचला जातो वर्षानुवर्षं. दहा अंकांनंतर पाचशे पानं होतात आणि त्यातली साडेचारशे कायमची स्थिर असतात. तरीही असा अंक बहुधा वर्डप्रेसवर उभा राहतो, कारण मंडळातल्या कोणाला तरी वर्डप्रेस येत असतं. हे कारण छोटं नाही, त्याकडे पुढे येऊच.

वर्डप्रेसमध्ये एक पान मागितलं की काय होतं ते आधी नीट पाहू. वेब सर्व्हर मागणी पीएचपीकडे, म्हणजे वर्डप्रेस ज्या भाषेत लिहिलंय ती चालवणाऱ्या प्रोग्रामकडे सोपवतो. पीएचपी वर्डप्रेसचा गाभा, चालू असलेली सगळी प्लगिनं (जोड-सुविधा) आणि थीम (दिसण्याचा साचा) मेमरीत घेते. मग ऑप्शन्सच्या टेबलातून ‘आपोआप भरा’ अशी खूण असलेल्या सगळ्या नोंदी येतात. काढून टाकलेल्या प्लगिनांनी मागे सोडलेला कचराही बऱ्याचदा त्यांत असतो. मग लेख, लेखाची जोडमाहिती, लेखक, वर्ग, मेन्यू, प्रतिक्रिया यांच्यासाठी डेटाबेसला एकामागून एक प्रश्न जातात. साध्या थीमवर ते वीस-तीस असतात, प्लगिनांनी लादलेल्या साइटवर शंभराच्या पुढे. शेवटी एचटीएमएल तयार होतं, वाचकाला दिलं जातं आणि फेकून दिलं जातं. पुढच्या वाचकासाठी हे सगळं पहिल्यापासून.

एरवी हे खपून जातं. अंक निघण्याच्या दिवशी खपत नाही. एक जीबी मेमरीचा सर्व्हर धरा. त्यातली तीनशे एमबी मायएसक्यूएल या डेटाबेसने घेतली, दोनशे ऑपरेटिंग सिस्टिमने. उरलेल्या पाचशेत पन्नास एमबीची एक अशा पीएचपीच्या दहा प्रक्रिया बसतात. एक पान जुळायला अर्धा सेकंद लागला, तर सेकंदाला वीस पानं. आता अंकाचा दुवा चार-पाच मोठ्या व्हॉट्सॲप गटांवर एकदम गेला आणि काही क्षणांत दोनशे माणसं आली, तर शेवटच्या माणसाला दहा सेकंद थांबावं लागेल. तो थांबत नाही. पान पुन्हा ताजं करतो, म्हणजे रांगेत आणखी एक मागणी घालतो. रांग वाढते, वेळ संपतो आणि ५०२ किंवा ५०४ असा आकडा पडद्यावर येतो. अशा वेळी घाईघाईने प्रक्रियांची मर्यादा दहावरून चाळीसवर नेण्याची चूक फार वेळा होते. मेमरी तेवढीच असते. सर्व्हर डिस्कवर अदलाबदल करू लागतो किंवा लिनक्स सगळ्यात जास्त मेमरी खाणारी प्रक्रिया मारून टाकतं, आणि ती बहुधा मायएसक्यूएलच असते. मग ‘डेटाबेसशी संपर्क होऊ शकत नाही’ एवढंच पान उरतं.

यावरचा नेहमीचा उपाय म्हणजे कॅशिंग प्लगिन. पहिल्या वाचकासाठी बनलेलं एचटीएमएल ते फाइल म्हणून साठवतं आणि पुढच्यांना तीच फाइल देतं. हे उत्तम चालतं. पण आपण काय केलं ते बघा: वर्डप्रेसवर स्टॅटिक साइटच उभी केली, फक्त ती कधी शिळी होईल हे सांभाळण्याचं आणखी एक काम अंगावर घेतलं. लेखकाचं नाव दुरुस्त केलं तर लेखाचं पान नवं होतं, पण अनुक्रमणिकेचं जुनंच राहतं. संपादकाला लॉगिन केलेलं असल्यामुळे ताजं पान दिसतं आणि वाचक कळवतात की चूक तशीच आहे. दोघंही खरं बोलत असतात.

खरं तर वेब सुरू झालं ते फाइलींनीच. १९९१ साली सर्नमध्ये टिम बर्नर्स-ली यांनी लावलेलं पहिलं संकेतस्थळ म्हणजे साध्या एचटीएमएल फाइली होत्या. २००१ मधलं मूव्हेबल टाइप हे ब्लॉगचं साधन पर्ल भाषेत होतं आणि मुळात पानं आधी बनवून ठेवायचं. साच्यात बदल केला की ‘रीबिल्ड’ दाबून सगळी पानं नव्याने घडवावी लागत, आणि मोठ्या ब्लॉगवर त्यात मिनिटंच्या मिनिटं जात. २००३ मध्ये बी-टू या प्रणालीतून वर्डप्रेस निघालं, तेव्हा लेख लगेच दिसणं ही मोठी सुटका होती. पुढे २००८ मध्ये टॉम प्रेस्टन-वर्नर यांनी जेकिल हे स्टॅटिक पानं घडवणारं साधन लिहिलं आणि २०१३ मध्ये स्टीव्ह फ्रान्सिया यांनी ह्युगो. पानं पुन्हा आधीच तयार होऊ लागली. मधल्या काळात बदललं ते बाकीचं: यंत्रं वेगवान झाली, फाइलींतले बदल नोंदवणारं गिट घरोघरी आलं, जगभर पसरलेल्या सर्व्हरांवर फाइली फुकट ठेवता येऊ लागल्या. मूव्हेबल टाइपला जड गेलेलं काम ह्युगो पाचशे पानांसाठी काही सेकंदांत उरकतं.

ह्युगोमध्ये अंक असा दिसतो: प्रत्येक लेख मार्कडाउन या साध्या खुणांच्या लेखनपद्धतीतली एक मजकूर-फाइल. माथ्यावर तीन आडव्या रेघांच्या दोन ओळींमध्ये शीर्षक, लेखक, तारीख, वर्ग; खाली लेख. दुसऱ्या फोल्डरमध्ये साचे. एक आज्ञा दिली की पब्लिक नावाच्या फोल्डरमध्ये अख्खी साइट तयार. तो फोल्डर कुठेही ठेवा, चालतो. सर्व्हरवर पीएचपी नाही, डेटाबेस नाही, लॉगिन नाही. एकाच वेळी दोनशे वाचक आले काय नि दोन हजार आले काय, फाइल उचलून द्यायची एवढंच काम. मला यातली सगळ्यात मोलाची गोष्ट वेग वाटत नाही. अंक पेन ड्राइव्हवर घेता येतो आणि मूळ मजकूर वीस वर्षांनी कुठल्याही यंत्रावर साध्या एडिटरमध्ये वाचता येईल, हे मला जास्त मोलाचं वाटतं.

पण चुका इथेही होतात, आणि मराठीत त्यांना खास वळणं आहेत.

पहिली तारखेची. ह्युगो भविष्यातल्या तारखेचा लेख प्रसिद्ध करत नाही आणि वेळेचा पट्टा सांगितला नसेल तर ग्रिनिच वेळ धरतं. तारखेत नुसता दिवस लिहिला, तर त्याच्या हिशेबी तो आपल्याकडच्या पहाटे साडेपाचला उजाडतो. नरक चतुर्दशीच्या मध्यरात्री अंक उघडायचा ठरवून बारा वाजता साइट बांधली, तर अनुक्रमणिका रिकामी येते, आणि साडेपाचनंतर कोणीतरी पुन्हा बांधेपर्यंत रिकामीच राहते. कॉन्फिगमध्ये आशिया-कोलकाता हा पट्टा घालायचा, की प्रश्न मिटतो. वर्डप्रेसमध्ये याचं भावंड आहे: ठरलेल्या वेळी लेख प्रसिद्ध करणारं त्याचं घड्याळ कोणी साइटवर आलं तरच पुढे सरकतं. रात्री कोणी फिरकलं नाही, तर बाराचा लेख सकाळी पहिला वाचक आल्यावर निघतो. तिथे ते घड्याळ बंद करून सर्व्हरच्या क्रॉनला, म्हणजे ठरलेल्या वेळी कामं करणाऱ्या सोयीला, दर पाच मिनिटांनी ते काम लावून द्यावं.

दुसरी माथ्यावरच्या माहितीची. शीर्षकात विसर्गचिन्हासारखा दिसणारा अपूर्णविराम आणि पुढे मोकळी जागा आली की यॅमल, म्हणजे ही माहिती लिहिण्याची पद्धत, गोंधळतं. ‘कोकण: एक प्रवास’ हे शीर्षक अवतरणात घातलं नाही, तर साइट बांधलीच जात नाही. तारीख देवनागरी आकड्यांत लिहिली तर ती तारीख म्हणून ओळखली जात नाही. चित्राच्या फाइलचं नाव मोठ्या लिपीतल्या जेपीजीने संपलं आणि लेखात ते छोट्या लिपीत लिहिलं, तर विंडोजवर चित्र दिसतं आणि लिनक्स सर्व्हरवर गायब होतं. प्रत्येक नव्या संपादकाकडून या तीन चुका एकदा होतातच. म्हणून नमुन्याची एक फाइल तयार ठेवावी आणि दर वेळी तिचीच नक्कल करायला सांगावं.

तिसरी पत्त्यांची, आणि इथे थोडं थांबायला हवं. वर्डप्रेस शीर्षकावरून पानाचा पत्ता बनवतं आणि त्याला दोनशे चिन्हांची मर्यादा आहे. पत्त्यात देवनागरीचं एकेक चिन्ह टक्क्यांच्या भाषेत (‘म’ म्हणजे %E0%A4%AE) नऊ जागा घेतं. मात्रा वेगळी मोजली जाते, हलन्त वेगळा. म्हणजे बावीस चिन्हांत पत्ता संपतो. ‘महाराष्ट्रातील शेतकऱ्यांच्या प्रश्नांविषयी’ या शीर्षकाचा पत्ता ‘महाराष्ट्रातील-शेतकऱ्या’ इथे तुटतो. त्याच दोन शब्दांनी सुरू होणारा दुसरा लेख आला की शेपटीला दोनचा आकडा लागतो. स्टॅटिक बाजूला दोष वेगळा. पत्ता साफ करणारा कोड बऱ्याचदा ‘फक्त अक्षरं ठेवा’ असं सांगतो, आणि युनिकोडच्या वर्गवारीत मात्रा म्हणजे अक्षर नव्हे, खूण. मग ‘पाणी’चं ‘पण’ होतं, ‘पुणे’चंही ‘पण’ होतं, आणि दोन लेख एकाच पत्त्यावर आदळून एक दुसऱ्याला पुसून टाकतो. फक्त इंग्रजी अक्षरं ओळखणारा कोड असेल तर पत्ता अगदी रिकामा. दोन्ही पद्धतींत मी एकच सुचवेन: प्रत्येक लेखाला रोमन लिपीतला छोटा पत्ता हाताने द्यावा. तो व्हॉट्सॲपवर चिकटवल्यावर टक्क्यांची लांबलचक माळ होत नाही, हा वरचा फायदा.

फाइलींना देवनागरी नावं द्यायचीच असतील तर ‘ऱ्ह’ आणि ‘ऱ्य’ सांभाळावेत. कऱ्हाड, कुऱ्हाड, दऱ्या या शब्दांतला ऱ युनिकोडमध्ये एका चिन्हाने लिहिता येतो आणि ‘र’ अधिक नुक्ता असा दोन चिन्हांनीही. दिसायला फरक शून्य. २०१७ पूर्वीच्या मॅकवरची फाइल प्रणाली नावं फोडून दोन चिन्हांनी साठवायची. तिथली ‘कऱ्हाड’ नावाची फाइल झिप करून लिनक्स सर्व्हरवर टाकली आणि दुवा एका चिन्हाच्या ऱ ने लिहिला, की पान सापडत नाही. दोन्ही शब्द शेजारी ठेवून तासभर पाहिले तरी चूक दिसत नाही. शिवाय काही जुने कीबोर्ड ‘र’, हलन्त आणि अदृश्य जोडचिन्ह अशी तिसरीच जोडणी करतात. साइट बांधण्याआधी सगळा मजकूर युनिकोडच्या एनएफसी या एकसारख्या, जोडलेल्या रूपात आणणारी चार ओळींची स्क्रिप्ट यातला पहिला घोळ संपवते. तिसऱ्या जोडणीसाठी एक वेगळी शोधा-बदला आज्ञा लागते.

शोध ही स्टॅटिक साइटची खरी उणीव समजली जाते, कारण विचारायला डेटाबेसच नसतो. शब्दसूची आधीच बनवून ती वाचकाच्या ब्राउझरमध्ये चालवावी लागते. लुनर नावाची जावास्क्रिप्ट लायब्ररी त्यासाठी लोकप्रिय आहे, पण ती जशीच्या तशी लावली तर मराठी शब्द शोधून काहीच मिळत नाही. तिची शब्दांची टोकं छाटणारी पायरी इंग्रजी अक्षरं सोडून बाकी सगळं विरामचिन्ह समजते आणि अख्खा देवनागरी शब्द छाटून टाकते. सूची बांधताना ती पायरी काढली की शोध चालू होतो. पेजफाइंड हे नवं साधन सूचीचे तुकडे करून लागेल तेवढाच भाग मागवतं, त्यामुळे पाचशे लेखांनाही जड होत नाही. ते पानावरची भाषेची खूण पाहून सूची करतं, म्हणून साच्यात ‘एमआर’ ही खूण घालायला विसरू नये. तरीही विभक्तीचा प्रश्न राहतोच: ‘पुणे’ शोधलं तर ‘पुण्यात’ सापडत नाही. मात्र वर्डप्रेसचा स्वतःचा शोधही जशाला तसा तुकडा जुळवतो, त्यामुळे ‘पुण्यात’ त्यालाही सापडत नाही. या बाबतीत डेटाबेस असून मराठी वाचकाचं भलं होत नाही. लेखाच्या माथ्यावर शोधशब्दांची एक ओळ ठेवून तिथे ‘पुणे, पुण्या, पुणेरी’ अशी रूपं हाताने लिहिणं हाच सध्या भरवशाचा उपाय आहे.

सुरक्षेबद्दल थोडक्यात. १५ ऑक्टोबर २०१४ रोजी ड्रुपल ७ मधली एक गंभीर त्रुटी जाहीर झाली. दोन आठवड्यांनी ड्रुपलच्याच सुरक्षा चमूने सांगितलं, की जाहीर झाल्यापासून सात तासांत जी साइट दुरुस्त झाली नाही ती फोडली गेली असंच धरून चाला. आपल्या घड्याळात ते सात तास म्हणजे रात्र. दिवाळीपुरतं एकत्र येणारं मंडळ रात्री जागून पॅच लावणार नाही, आणि त्यांच्याकडून तशी अपेक्षा करणंही बरोबर नाही. स्टॅटिक साइटवर चालणारा कोडच नसल्याने हे दार मुळात नसतं. गिटचं खातं, डोमेनचं खातं आणि पानांवर लावलेल्या परक्या स्क्रिप्ट, एवढंच राखायचं असतं.

मग सीएमएस का टिकून आहे? कारण लेख लिहिणाऱ्या माणसाला फाइली, गिट आणि यॅमल नको असतं, आणि ते बरोबरच आहे. सत्तर वर्षांच्या संपादिकेने दुरुस्ती कळवण्यासाठी कोणा तरुणाची वाट पाहायची, हे मला त्या पाचशेचार आकड्यापेक्षा मोठं अपयश वाटतं. वर्डप्रेसमध्ये ती लॉगिन करते, काना बदलते, बटण दाबते, झालं. डेकॅपसारखी साधनं गिटच्या वर असाच फॉर्म बसवतात आणि छोट्या मंडळाला ती पुरतात, फक्त दुरुस्ती दिसायला एक-दोन मिनिटं लागतात हे आधी सांगून ठेवावं. ज्या साइटचा जीव संवादात आहे, जिथे सभासद आहेत, प्रतिक्रियांवर प्रतिक्रिया येतात, तिथे डेटाबेस हवाच. १९९६ पासून चालत आलेली मायबोली ही मराठी साइट फाइलींच्या ढिगावर चालू शकली नसती. दोन्ही रीती जोडताही येतात. कोविडच्या काळात कॅलिफोर्निया राज्याने आपली माहितीची साइट अशी चालवली: मजकूर लिहिणारे वर्डप्रेसमध्ये लिहीत आणि लोकांना मिळत ती इलेव्हन्टी या साधनाने आधीच घडवलेली पानं.

स्टॅटिक साइटही सांभाळावी लागते, फक्त तिचं दुखणं वेगळं. तीन वर्षांनी साइट पुन्हा बांधायला घेतली की जुनी थीम नव्या ह्युगोवर चालत नाही, किंवा नोड या जावास्क्रिप्ट साधनाच्या शेकडो पॅकेजांपैकी एखादं मिळत नाही. प्रसिद्ध झालेली पानं शाबूत असतात, नवं पान मात्र घालता येत नाही. म्हणून ह्युगोचा आवृत्ती क्रमांक लिहून ठेवावा, होस्टिंगच्या सेटिंगमध्येही तोच बांधावा आणि थीम दुसऱ्याच्या भांडारातून न ओढता तिची प्रत आपल्याकडे ठेवावी.

आता त्या दहा अंकांचं काय करावं? मी नऊ अंक गोठवेन, म्हणजे त्यांची स्टॅटिक नक्कल करून ठेवेन, आणि चालू अंकाची सोय मंडळाला जमेल तशी ठेवेन. गोठवण्याआधी वर्डप्रेसमध्ये प्रतिक्रिया बंद कराव्यात, म्हणजे रिकामे फॉर्म नकलेत येणार नाहीत. मग डब्ल्यूगेट या साइट उतरवून घेणाऱ्या साधनाने आरशासारखी नक्कल घ्यावी: दुवे बदलण्याचा आणि चित्रं-स्टाइल सोबत आणण्याचा पर्याय लावून. त्यातच फाइलींच्या नावांवरचं नियंत्रण ‘नोकंट्रोल’ ठेवावं, नाहीतर देवनागरी नावांतली काही बाइटं ते टक्क्यांत बदलतं आणि दुवे तुटतात. पत्ते बदलणार असतील तर डेटाबेसमध्ये थेट शोधा-बदला करू नये. वर्डप्रेस काही माहिती लांबीच्या आकड्यासकट साठवतं आणि तो आकडा बाइटांचा असतो, देवनागरीत एका चिन्हाला तीन. मजकूर बदलला आणि आकडा तसाच राहिला, की विजेट आणि थीमची सेटिंग नाहीशी होतात. वर्डप्रेसला आज्ञा देणाऱ्या डब्ल्यूपी-सीएलआय साधनाची शोधा-बदला आज्ञा हा आकडा सांभाळते.

नक्कल वर चढवल्यावर पहिला महिनाभर न सापडलेल्या पानांची नोंद रोज पाहावी. सगळ्यात जास्त हुकतात ते जुने छोटे पत्ते, प्रश्नचिन्हानंतर नुसता लेखाचा क्रमांक असलेले. लेखकांनी दहा वर्षांत मेलमधून आणि फेसबुकवर तेच वाटलेले असतात. स्टॅटिक होस्टिंग प्रश्नचिन्हापुढचं सहसा वाचत नाही आणि सरळ मुखपृष्ठ दाखवतं, त्यामुळे हे पत्ते न सापडलेल्यांच्या यादीतही दिसत नाहीत. मुद्दाम तपासावे लागतात. डेटाबेस बंद करण्याआधी त्यातून क्रमांक आणि पत्ता अशा दोन स्तंभांची यादी काढून ठेवावी आणि मुखपृष्ठावर ती यादी पाहून वाचकाला योग्य लेखाकडे नेणारी दहा ओळींची जावास्क्रिप्ट घालावी. ही यादी नंतर कुठूनही मिळत नाही.